अस्सल रश्श्याची पडताळणी

बदली झालेल्या माणसाचं सामान तीन दिवसांत पोचतं, सेवापुस्तक तीन महिन्यांत पोचतं, जिभेची बदली मात्र आजवर कुठल्याच खात्याला करता आलेली नाही. ती जुन्याच ठिकाणी हजेरी लावत राहते आणि नव्या ठिकाणच्या प्रत्येक घासावर हरकत नोंदवते. ही गंभीर बाब आहे. (यावर ज्यांना हसू येतं त्यांची अजून बदली झालेली नसावी.)

वजनमापे निरीक्षकांची बदली झाली ती थेट आठशे किलोमीटर लांब. बरोबर पत्नी आल्या आणि वडील आले. वडिलांना घरात सगळे आबा म्हणत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेल्यामुळे आबा फार कमी बोलत. पत्नी परिचारिका होत्या. त्यांना इथल्या इस्पितळात कायमची दुपारपाळी मिळाली, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक करून, झाकून त्या कामावर जात आणि ताट आबा स्वतःच वाढून घेत. नव्या घरात दोन महिने होतात न होतात तोच आबांचं जेवणावरचं मन उडालं. दोन घास खायचे, ताट सरकवायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती पाहिली, दोष काहीच नाही म्हणाले. "त्यांना आवडतं ते खाऊ घाला," एवढं सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

"आबा, काय खावंसं वाटतं तुम्हाला?" निरीक्षकांनी घरी आल्यावर विचारलं.

आबांनी खिडकीबाहेर बघतच सांगितलं, "आपल्या बसथांब्यामागच्या त्या खानावळीतला रस्सा असता ना, तर जेवलो असतो बघ."

दुसरा एखादा मुलगा गहिवरला असता आणि तिथेच थांबला असता. निरीक्षकही गहिवरले. आबा हातचे जातात की काय, अशी भीती त्यांना वाटली. आणि भीती वाटली की निरीक्षक कागदावर रकाने आखत. त्याच दिवशी त्यांनी फाइल उघडली.

पहिले पंधरा दिवस ते ऑफिस सुटल्यावर एकटेच फिरले. 'तुमच्या गावची चव' अशी पाटी लावलेल्या खानावळी या शहरात भरपूर होत्या, आणि कोणाच्या गावची हे मालक गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवत. निरीक्षकांना हे पटलं नाही. शिवाय एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, निदान आणखी तीन साक्षीदार हवेत. शोधाशोध करून त्यांनी आपल्या गावची तीन माणसं गोळा केली: एक दंतवैद्य, एक निवृत्त चित्रकला शिक्षक आणि शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या एक बाई. 'मूळगाव चव शोध व पडताळणी समिती' अशी रीतसर स्थापन झाली. कामाची वेळ रोज संध्याकाळी सात ते नऊ. रविवारी इतिवृत्त लिहायचं.

पहिल्याच बैठकीत मूळ रस्सा कसा होता, हा प्रश्न घेण्यात आला. दंतवैद्यांच्या मते तो जहाल तिखट होता. चित्रकला शिक्षकांच्या मते गोडसर होता, आणि रंग विटकरी. शिवणकामाच्या बाई म्हणाल्या की तिथे रस्सा मुळी नव्हताच, सुकी भाजी असायची आणि ती मागायला लागायची. हा प्रश्न तीन बैठका चालला. दंतवैद्य आणि शिक्षक एकमेकांशी बोलेनासे झाले आणि एकमेकांसाठीचे निरोप बाईंकडे देऊ लागले.

चार गोष्टींवर मात्र विलक्षण एकमत झालं. टेबल डुगडुगायचं. ओलं फडकं टेबलावरून फिरायचं ते गिऱ्हाइकाच्या कोपरावरून. पाणी जेवण संपल्यावर यायचं. आणि मालक, ज्यांना गावात सगळे घुम्या म्हणत, ते तीस वर्षांत कोणाकडे बघून हसले नव्हते. हे सांगताना चौघांचेही डोळे पाणावले. त्यानुसार शंभर गुणांची वाटणी झाली: मालकाचा स्वभाव तीस, टेबल पंचवीस, फडकं वीस, पाण्याचा उशीर पंधरा, आणि चव (विवादास्पद बाब असल्याने) दहा.

पुढच्या सात महिन्यांत समितीने एकेचाळीस खानावळी पाहिल्या. काही ठिकाणी दोनदा जावं लागलं, काही ठिकाणी चारदा. मालक हसले म्हणून सतरा बाद झाल्या. टेबल भक्कम निघालं म्हणून नऊ. 'काय घेणार?' असं अगत्याने विचारलं म्हणून सहा. आठ ठिकाणची शिस्त इतकी चोख होती की चर्चा न करताच त्या बाद झाल्या. एका ठिकाणचं जेवण इतकं रुचकर होतं की दंतवैद्यांनी तीनदा मागून घेतलं आणि मग, बोटं चाटून झाल्यावर, शून्य गुण दिले. (त्यांचा निःपक्षपातीपणा इतिवृत्तात नोंदला आहे.)

दरम्यान आबांकडे दुर्लक्ष झालं, असं कोणी म्हणू शकणार नाही. दर सोमवारी सकाळी निरीक्षक त्यांना शिक्कामोर्तब केलेल्या काट्यावर उभं करत आणि वजन लिहून घेत. पडताळणी सुरू झाल्यापासून आबा आठवड्याला सरासरी दोनशे ग्रॅम घटत होते. आकडे अचूक होते. आपल्या मुलाने इतक्या काटेकोरपणे घटत जाण्याची नोंद ठेवावी, हे सुख प्रत्येक बापाच्या नशिबी नसतं.

मध्ये एकदा या आकड्यांत गडबड झाली. तेविसाव्या खानावळीत टेबलाचं डुगडुगणं मोजताना टेबल निरीक्षकांच्या पायावर आलं आणि ते तीन आठवडे घरी पडून होते. त्या काळात ते संध्याकाळी दुसरं काहीच करू शकत नसल्यामुळे आबांबरोबर जेवत. आबा त्यांना कुठल्या घड्याळाच्या चाकाचा कोणता दात आधी झिजतो ते सांगत बसत. तीन आठवड्यांत आबांचं वजन नऊशे ग्रॅमने वाढलं.

समितीची तातडीची बैठक सकाळीच निरीक्षकांच्या खाटेशी भरली. काटा नादुरुस्त झाला आहे, असा निष्कर्ष एकमताने निघाला. (दंतवैद्य आणि शिक्षकांनी आपापलं मत बाईंमार्फत कळवलं.)

"काट्याला काही झालेलं नाही," पत्नी पट्टी बदलता बदलता म्हणाल्या. "तुम्ही घरात होतात, एवढंच."

पत्नी मूळच्या दुसऱ्या गावच्या असल्यामुळे त्यांचं निरीक्षण विचारात घेता आलं नाही. काटा दुरुस्तीला गेला, तो अगदी बरोबर असल्याचा शेरा घेऊन परत आला. निरीक्षकांचा पाय बरा झाला आणि आबांचं वजन पूर्वीप्रमाणे सुरळीत घटू लागलं.

बेचाळिसावी खानावळ निरीक्षकांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती. मालकीणबाई हसतमुख, टेबलं लखलखीत, पाणी आधी. गुण सहा. पण आबांचे गाल बसत चालले होते, निरीक्षकांना झोप लागत नव्हती, आणि आता शोधण्यापेक्षा घडवणं सोपं, असा ठराव त्यांनी जवळजवळ हात जोडून मंजूर करून घेतला. मालकीणबाई भल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाचा प्रश्न आहे म्हटल्यावर त्यांनी एका टेबलाचा पाय स्वतः कापून घेतला. फडकं ओलं ठेवायला आणि पाणी उशिरा आणायला त्या शिकल्या. न हसणं तेवढं जमेना. त्यासाठी समितीने रोज जाऊन दोन-दोन तास सूचना दिल्या, तेव्हा पंधरा दिवसांत त्यांचं तोंड आपोआप उतरलं. चौऱ्याण्णव गुण पडले. रस्सा त्या पूर्वी करत तसाच करत होत्या. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

शनिवारी आबांना नेण्यात आलं. निरीक्षक त्यांच्यासमोर बसले. शेजारच्या टेबलावर समिती कागद घेऊन बसली. फडकं आबांच्या कोपरावरून गेलं. आबांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग मान खाली घालून सगळं संपवलं आणि आणखी मागितलं. तिसऱ्यांदा रस्सा वाढला गेला तेव्हा निरीक्षकांना समोरचं धूसर दिसू लागलं.

"हाच ना, आबा?"

"छे रे. तो कुठे एवढा चांगला होता," आबा म्हणाले. "नुसतं तिखट पाणी असायचं."

"मग तुम्ही त्याचंच नाव का घेतलंत?"

"तुझी शनिवारी अर्धी शाळा असायची. सुटलास की पाटी-दप्तर घेऊन तिकडे यायचास. समोर बसून आठवड्याभराचं सगळं सांगायचास. तू बोलत असलास की माझे चार घास जास्त जायचे." आबांनी ताट पुसून घेतलं. "आज बसलास ना तसा."

आबांच्या ताटाकडे बघता बघता निरीक्षकांना सगळं स्वच्छ कळलं. ते कळणं अंदाजे चार सेकंद टिकलं.

"काय म्हणाले?" शेजारच्या टेबलावरून शिक्षकांनी विचारलं. "पेन उघडं आहे माझं."

आबांनी सांगितलं ते लिहायला तक्त्यात जागा नव्हती. "समाधानकारक," निरीक्षक म्हणाले.

खानावळीला प्रमाणपत्र मिळालं. ही बातमी पसरली तशी इतर गावांच्या लोकांनीही आपापल्या समित्या काढल्या आणि मार्गदर्शनासाठी निरीक्षकांकडे रीघ लागली. त्यांच्या संध्याकाळी आता त्यातच जातात. आबांची मात्र चोख व्यवस्था आहे: रोज सात वाजता ते दोन गल्ल्या चालत जातात आणि ठरलेल्या डुगडुगत्या टेबलावर एकटे बसून जेवतात. दोन घास खातात, ताट सरकवतात. सोमवारचे आकडे पुन्हा खाली आले आहेत. मालकीणबाई चोरून हसू लागल्या असाव्यात असा समितीला दाट संशय असून, पुढच्या आठवड्यात न कळवता तपासणी होणार आहे.

ही हकिगत मुद्दाम एका जेवणात वाचून होईल एवढीच ठेवली आहे, कारण समितीच्या पाहणीनुसार दहापैकी सात वाचक असलं काहीबाही जेवता जेवता वाचतात. आत्ता तुमच्यासमोर कोण बसलं आहे आणि त्यांच्या ताटात किती उरलं आहे, हे समितीच्या अधिकारात येत नाही. मान वर करून बघायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.