वास सांगा, मग जा

देवाजीभाऊंच्या दुकानात कॉफी पिऊन लगेच उठता येत नसे. आधी परीक्षा द्यावी लागे. कप अर्धा झाला की ते भट्टीमागून बाहेर येत, हात मागे बांधून समोर उभे राहत आणि विचारत, "वास कसा आला जी?"

"चांगला आला" हे उत्तर चालत नसे. "चांगला म्हणजे कसा? मोहफुलासारखा का भाजल्या चण्यासारखा? नीट सांगा ना जी." तिकडे गाडीची शिट्टी झालेली, प्रवासी पिशवी उचलून दारात, आणि देवाजीभाऊ त्याच्या मागे. "करपल्यासारखा त नाही आला ना?" एका गृहस्थाची यापायी गाडी सुटली. देवाजीभाऊंनी त्याला दुसरा कप फुकट दिला, आणि त्याचाही वास विचारला.

दुकान सौंदडच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. नाव 'किनारा कॉफी'. आमच्याकडे चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं; किनारा म्हणाल तर तलावाची पाळ. पण पाटीवर निळ्या लाटा होत्या. पेंटरनं समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून त्यानं लाटांवर बगळे बसवले होते.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. देवाजीभाऊ दक्षिणेतल्या एका समुद्रकाठच्या लहान गावात कॉफीच्या दुकानात बिया भाजायला होते. उमर तिकडेच गेली. लग्न केलं नाही. एकाएकी परत आले ते एक पितळी फिल्टर, हातानं फिरवायची चक्की आणि घडी घातलेलं तागाचं पोतं घेऊन. शेत नव्हतं. धाकटा भाऊ बिरसी गावात. त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "दुकान चाललं नाही त ये माझ्याकडे, ढोरं राख." मोठ्या भावानं धाकट्याच्या दारात ढोरं राखायची, या एका भीतीवर ते दुकान उभं होतं.

कच्च्या बिया ते लोखंडी कढईत झाऱ्यानं हलवत भाजायचे. कान कढईकडे, डोळे बियांवर. तडतड थांबली की पाहत राहायचे आणि मग कढई उतरवायची की नाही याचा विचार करत इतके गोंधळायचे की बघणाऱ्याला वाटावं, आजच शिकून राहिलेत. गाव चहाचं. कोहमाऱ्याच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर एक घोट घेऊन म्हणत, "काऊन गा, कोनाले ताप आला म्हून काढा उकळला?"

आता माझ्याकडे वळते, कारण या गोष्टीतलं खरं गाढव मी आहे. मी तिथल्या शाळेत मास्तरीण, पन्नाशीची, आणि कॉफीतली जाणकार. जाणकार अशासाठी की नागपूरच्या एका लग्नात मी मशीनची कॉफी प्याले होते, वर चॉकलेटची भुकटी टाकलेली. फेसाच्या मिशा घेऊन मी सगळ्या मांडवात फिरले, कोणी सांगितलं नाही. तेवढ्या अनुभवावर मी देवाजीभाऊंना कॉफी शिकवायला निघाले होते.

पहिल्यांदा त्यांनी वास विचारला तेव्हा मी डोळे मिटून, गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "जळल्या चपलेचा."

खरं तर वास सुरेख होता. पण सोबतच्या, शाळेतल्याच कुंदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि मला चेव आला. देवाजीभाऊ हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, आत गेले. आठवड्यानं मी गेले तर कॉफी कच्च्या शेंगांसारखी लागत होती. "आता, बाई?"

"ओल्या पोत्याचा!"

पुढच्या खेपेला कॉफी कोळसा. मी शाळेत ऐटीत सांगितलं, "बघा, मी म्हटलं नव्हतं? जळकीच आहे." माझं भाकीत खरं ठरल्याचा मला काय आनंद झाला होता! स्वतःच विहिरीत शेण टाकायचं आणि मग पाणी घाण आहे म्हणून गावभर सांगायचं, असली माझी हुशारी.

गिऱ्हाईक तुटत गेलं. जे येत, त्यांना देवाजीभाऊ आणखीच धरून ठेवत. शेवटी लोक रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गेले, तर दारातच कुजका वास आला. बियांच्या पोत्यांमागे उंदीर मरून पडला होता, दोन-तीन दिवसांचा तरी. दुकानात चिटपाखरू नाही. आणि देवाजीभाऊ त्या पोत्यांना टेकून, धुवट शर्ट घालून, कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"या बाई. तीन दिवस झाले, लोक दारातूनच वापस जाऊन राहिले. काऊन समजत नाही."

मी नाकाला पदर लावून म्हणाले, "भाऊ, उंदीर मेलाय ना!"

"कुठं?"

त्यांनी माझ्या पदराकडे पाहिलं, मग पोत्यांकडे. चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

उंदीर आम्ही दोघांनी बाहेर टाकला. हात धुतल्यावर ते बोलले. तिकडे मोठा ताप आला होता. ताप उतरला, वास परतला नाही. "मालक म्हणे, भाजणाऱ्याचं नाक गेलं त तो कायच्या कामाचा? खरंच म्हणे तो. इथं सांगू कोनाले? वास येत नाही त्याच्या हातची कॉफी कोन पेईल? म्हून विचारत होतो. तुम्ही शिकल्या-सवरल्या. तुम्ही सांगितलं तशी आच कमी-जास्त केली."

मी खाली बसले. बसून सगळं सांगितलं. चप्पल, पोतं, कुंदाबाईंचं हसणं.

देवाजीभाऊ बराच वेळ चक्कीचा दांडा नुसताच फिरवत राहिले. मग उठले, कढई ठेवली. "ठीक आहे, बाई. आता खरं सांगा."

तेव्हापासून शाळेआधी मी रोज कढईजवळ उभी राहायची. "अजून कच्चं... आता भुईमूग... आता चणे... उतरवा, उतरवा!" साडीला धुराचा वास यायचा आणि पोरं म्हणायची, बाई स्वयंपाक सोडून आल्या. कॉफी सुधारली. पण गेलेलं गिऱ्हाईक काही आलं नाही. मी किती जणांना ती जळकी असल्याचं सांगितलं होतं, ते मला तेव्हा मोजता आलं.

दोन वर्षांनी त्यांचा भाऊ बिरसीहून बैलबंडी घेऊन आला. बगळ्यांची पाटी उतरवली. सामान भरताना देवाजीभाऊंनी ते तागाचं पोतं उलगडलं आणि माझ्यासमोर धरलं. "तिकडचं आहे. समुद्राच्या बाजूच्या खोलीत राहे. पहा बरं, याले समुद्राचा वास येते का अजून?"

मी समुद्र पाहिलेला नव्हता. पोतं नाकाशी धरलं. खोटं बोलणं किती सोपं होतं! एक शब्द, आणि माणूस खुशीत बंडीत बसला असता. पण त्यांच्यापुढे माझा तो हक्क संपला होता.

"नाही येत, भाऊ. बुरशीचा येतोय. आणि थोडा उंदराचा."

त्यांनी पोतं परत घेतलं, कडेला कड जुळवून सावकाश घडी घातली.

"बरं झालं," ते म्हणाले. "मले वाटे, फक्त मलेच येत नाही."