आत्याच्या खोलीतली दुसरी वायर

थोरल्या भावाने आत्याच्या खोलीत इंटरनेटची वायर नेली, ती धाकट्याला न सांगता. मग धाकट्यानेही नेली, ती थोरल्याला न सांगता. सांगणार तरी कसे? जिन्याला कोणता रंग द्यायचा यावरून दोघांत अबोला होता. शेवटी खालचा जिना थोरल्याने पिवळा रंगवला, वरचा धाकट्याने निळा, आणि दोन्ही रंग जिथे भेटत तिथून जाताना दोघेही मान फिरवत. त्यांच्या बायकांनी मात्र अबोला धरला नव्हता. तेवढा मोकळा वेळ दोघींनाही नव्हता.

तळमजल्यावर थोरल्याचे शिवणाचे दुकान आणि मागे बिऱ्हाड. मधल्या मजल्यावर धाकटा, पडद्यासमोर बसून गावोगावच्या मुलांना गणित शिकवणारा. सगळ्यात वर आत्या. आईच्या माघारी तिनेच दोघांना वाढवले होते. आता गुडघे कुरकुरू लागल्यापासून ती जिना उतरत नव्हती. इंटरनेट दुकानात यायचे. तिथला स्विच, म्हणजे दिव्याचे बटण नव्हे, वायरी खोचायला भोके असलेली चपटी डबी, एका वायरीने मधल्या मजल्यावरच्या तशाच डबीला जोडलेली होती. ही सोय अबोल्याच्या आधीची, म्हणून टिकलेली.

आत्याच्या परगावच्या लेकीला मूल झाले. आत्याला नातीचे तोंड दिसावे म्हणून लेकीने एक पडदा, एक वायफायचा डबा आणि दोन्ही जोडायला तिसरी डबी धाडून दिली. आत्याने थोरल्याला सांगितले, तेवढी वायर आणून दे. धाकट्यालाही तेच सांगितले. विसरून की मुद्दाम, ते देव जाणे. थोरल्याने दुकानातून, खिडकीबाहेरून वायर वर चढवली. धाकट्याने आपल्या मजल्यावरून जिन्यातून नेली. वरच्या डबीत आधीच तीन वायरी दिसल्या, त्या सामानासोबतच्या असतील असे समजून त्याने आपली चौथी खोचली.

खोचायचा अवकाश, तिन्ही मजल्यांवरच्या डब्यांचे दिवे अंगात आल्यासारखे लुकलुकू लागले आणि नेट गेले. दुकानात येऊ घातलेली मापे वाटेतच राहिली. गणिताचे मास्तर पडद्यावर तोंड उघडे ठेवून गोठले. मुलांना वाटले, मास्तरांनाही उत्तर येत नाही. त्या जाड भिंतींच्या घरात मोबाइलला रेंज मुळीच नसे. आणि लेक त्याच संध्याकाळी बाळ दाखवणार होती. आत्या ठेवणीतली शाल पांघरून दुपारपासून काळ्या पडद्यासमोर बसली होती.

नेटवाला आला, वरच्या डबीत डोकावला आणि हसला.

"वर्तुळ झालंय. खालची डबी मधलीला विचारते, मधली वरचीला, वरची पुन्हा खालचीला. खालचीला वाटतं, नवाच प्रश्न आला. ती परत विचारत सुटते."

सगळ्यांनीच ध्रुपद धरावे आणि पुढचा चरण म्हणायला कोणी उरू नये, तशी गत. दोन्हींतली कुठलीही एक वायर काढा, नेटवाला म्हणाला. अहो, वीतभर वायरीची दोन्ही टोकं एकाच डबीत खोचली तरी सगळं घर बंद पडतं. आत्या लक्ष देऊन ऐकत होती.

"माझी आधीची आहे म्हणावं," थोरला नेटवाल्याला म्हणाला.

"माझी आखूड आहे म्हणावं," धाकटाही नेटवाल्यालाच म्हणाला.

या दोघांमध्ये मान वळवून वळवून नेटवाला थकला, आणि तुमचं ठरलं की कळवा म्हणून पुढच्या कामाला गेला. भाऊही आपापल्या मजल्यावर जाऊन बसले.

थोरलीने नवऱ्याला विचारले, वायर काय उराशी बांधून नेणार आहात? धाकटीने आपल्या मजल्यावर तेच विचारले, फक्त जरा तिखट लावून. थोरला विरघळला. आपल्या ताटातला घास मोडून दोघांना भरवणारी आत्या त्याला आठवली आणि त्याने दुकानातल्या डबीतून आपली वायर गुपचूप काढली. मधल्या मजल्यावर धाकट्यानेही त्याच सुमाराला आपल्या डबीतून आपली काढली. दिवे शांत झाले, नेट आले. हे आपल्याच त्यागाचे फळ, असे दोघांनाही वाटले, आणि तो त्याग आत्याच्या नजरेस पडावा म्हणून दोघेही वर गेले.

पडदा काळाच.

"तुझी वायर कुठंय?" थोरल्याने विचारले. कैक महिन्यांतला हा पहिला थेट प्रश्न.

"काढली. तुझी राहावी म्हणून."

"अरे, मी माझी काढली, तुझी राहावी म्हणून."

दोघेही खाली धावले आणि दारात एकमेकांना अडकले. मग दोघेही थांबले.

"दादा, तूच लाव."

"नको, तू लाव."

"तू मोठा आहेस."

"म्हणून तर सांगतोय."

"नात शाळेत जाईपर्यंत ठरेल ना तुमचं?" आत्या म्हणाली. "मधल्या मजल्यावर चालू आहे ना? मग नेट वर आणण्यापेक्षा मला खाली न्या."

खुर्ची दोघांनी उचलली. "डावीकडे घे." "माझ्या डावीकडे की तुझ्या?" "आत्याच्या." उतरता उतरता थोरला म्हणाला, निळा तसा वाईट दिसत नाही. धाकट्याच्या उंबऱ्याशी मात्र त्याचा पाय घोटाळला.

"ये ना, दादा," धाकटा म्हणाला. "हात भरून आलेत माझे."

धाकट्याच्या पडद्यावर नात सबंध वेळ झोपली होती. एकदा तिने जांभई दिली, तेवढ्यावर आत्याने जाहीर केले की पोरगी आपल्याच वळणावर गेली आहे. सगळे तिथेच जेवले. नंतर धाकट्याची वायर थोरल्याने आपल्या हाताने जोडून दिली.

तरी त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी, तिन्हीसांजेला, नेट जाऊ लागले. गंमत अशी, की दोघे भाऊ वर पोचेपर्यंत ते आपोआप यायचेही. पण आत्या शाल पांघरून खुर्चीत तयार असायची, आणि आलातच तर न्या खाली, म्हणायची. नेटवाला येऊन डब्या उलट्यासुलट्या करून गेला. त्याला काही दोष सापडला नाही.

एका संध्याकाळी थोरली वर गेली तर आत्या डबीपाशी धडपडत होती. विणकामाची पिशवी उघडी, हातात वीतभर वायर. एक टोक डबीत, दुसरे हवेत.

"वाकवत नाही गं हल्ली," आत्या म्हणाली. "पावलं वाजली की लगेच काढायची असते."

थोरलीने जिन्याकडे पाहिले. मग ती खाली बसली आणि दुसरे टोक तिने नीट खोचून दिले.

"दादा, नेट गेलं का?" मधल्या मजल्यावरून हाक आली.

"गेलं," दुकानातून उत्तर आले. "तू हो वर, मी आलोच खुर्ची धरायला."