उदाजीचे गळ आणि यमूताईचा काटा

एका जंगलात एक नदी होती, आणि त्या नदीला एक असं वळण होतं, जिथे दमलेले प्राणी येऊन राहायचे. बाळांनो, तुम्ही अजून दमलेले नाही, म्हणून तुम्हाला ते वळण माहीत नाही. हरकत नाही. मी सांगतो.

तिथे उदाजी नावाचं एक म्हातारं पाणमांजर राहायचं. तरुणपणी उदाजी बुडी मारायचा आणि दातांत मरळ मासा धरूनच वर यायचा. आता नदी होती, मरळी होत्या, दात नव्हते.

शेजारी यमूताई बगळीण राहायची. तिची चोच अजून शाबूत होती, पण डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मासा समजून ती जिथे चोच मारायची, तिथे बहुतेक वेळा दगड असायचा. शिवाय पंख वाकडा झालेला एक खंड्या होता, आणि दोन कासवं होती. आपण किती म्हातारी आहोत हे त्या कासवांनाही आठवत नव्हतं.

ही सगळी मंडळी जगत होती ती उदाजीच्या गळांवर.

गळ कसा करायचा, ते ऐका. शिकारी येऊन गेले की बंदुकीच्या गोळ्या आणि मोडके आकडे मागे पडायचे. उदाजी गोळ्यांचं शिसं वितळवायचा आणि मातीच्या साच्यात आकड्याभोवती ओतायचा. गळाला छोट्या मासोळीसारखं डोकं यायचं. डोक्यावर सुईला असतं तसं नेढं. मागे यमूताईचं गळलेलं एक पीस बांधलं, की झालं शेपूट. असा गळ पाण्यात सोडून दोऱ्यानं हळूहळू झटके दिले, की मरळीला वाटायचं, लहान मासोळी चालली आहे.

पण नुसतं शिसं काळं दिसतं. म्हणून सालईच्या झाडाची राळ गरम करून तिच्यात पळसाच्या फुलांचा रंग कालवायचा आणि गळ त्यात बुडवून काढायचा. राळ कोमट असते तोवर साईसारखी असते. गार झाली की दगड. आणि ती सगळ्यात आधी नेढ्यात जाऊन बसते.

इथे यमूताईचं काम असे. ती चोचीत बाभळीचा काटा धरायची, चाचपून नेढं शोधायची आणि राळ ओली आहे तोवर काटा आरपार घालायची. काटा चोचीत असल्यामुळे तिला तेवढा वेळ बोलता यायचं नाही. उदाजी आपलं सगळं बोलणं तेवढ्यात उरकून घ्यायचा.

काटा निघाला की ती विचारायची, "दोरा घालून बघितलास का रे?"

"बघितला ताई. गेला."

"मग झालं काम. आता बोल, काय म्हणत होतास ते."

"म्हणून झालं माझं."

असं चाललं होतं.

एके दिवशी जंगलाचा राजा सिंह तिथे पाणी प्यायला आला. जांभळीच्या फांदीवर गळ वाळत होते. शेंदरी रंग उन्हात चमकत होता. राजा बघत राहिला. "सुंदर," असं म्हणून तो निघून गेला.

बाळांनो, राजा एखाद्या गोष्टीला सुंदर म्हणाला, की त्या गोष्टीची काळजी वाटायला हवी.

दुसऱ्याच दिवशी गळरंग खातं निघालं. खात्याचा प्रमुख म्हणून रंगराव सरड्याची नेमणूक झाली. रंगातला त्याच्याएवढा जाणकार जंगलात नव्हता. त्यानं जन्मात गळ हातात धरला नव्हता. मासाही खाल्ला नव्हता. तो किडे खायचा.

रंगरावानं एक गळ उचलून जवळून पाहिला.

"इथे रंग नाही," तो म्हणाला.

"ते नेढं आहे, साहेब," उदाजी म्हणाला.

"ते काय असेल ते असो. रंगात भोक आहे. काम सदोष आहे."

"त्यातून दोरा जातो, साहेब."

"दोरा आपल्या खात्याचा विषय नाही. दोऱ्याचं खातं वेगळं आहे."

"ते कुणाकडे आहे?"

"नेमणूक व्हायची आहे."

त्या दिवसापासून प्रत्येक गळाला रंगाचे तीन-तीन हात बसू लागले. जुने गळही परत बुडवून घेतले. यमूताईचा काटा बंद झाला. रंगाला भोक पाडणाऱ्यानं वळण सोडून जावं, असा हुकूम निघाला. रंगराव स्वतः जांभळीवर ऊन खात बसायचा. एक डोळा उदाजीवर, एक यमूताईवर.

गळ फार देखणे झाले. नेढी नव्हती, म्हणून ते आकड्यानं उलटे टांगले. उलटेही देखणे दिसत होते.

उदाजीनं एका गळाच्या मानेला दोरा बांधून पाहिला. पहिल्या झटक्यालाच गाठ सरकली आणि गळ तळाशी गेला. मासे जमले. त्यांनी गळ चहूबाजूंनी पाहिला. त्यांनाही आवडला.

मासा मात्र कुणाला मिळाला नाही. पहिल्या दिवशी कासवं म्हणाली, आम्हाला सवय आहे. दुसऱ्या दिवशी खंड्या बोलेनासा झाला. बगळीण एका पायावर उभी राहते, तुम्हाला माहीत आहे. चौथ्या दिवशी यमूताईला दोन पायांवरही उभं राहता येईना.

"ताई, थोडं पाणी घे."

"पाणी पुष्कळ झालं रे. नदीच आहे समोर." मग ती हळूच म्हणाली, "माझी पिसं काढून ठेव. पुढच्या गळांना लागतील."

उदाजीनं एकही पीस काढलं नाही.

तेवढ्यात जांभळीवरून रंगराव ओरडला. एका गळाच्या डोक्यावर राळेचा बुडबुडा फुटला होता आणि नेढ्यातून उजेड दिसत होता.

"हा सदोष माल आहे! नदीत बुडवून टाका."

उदाजीला विचार करायला वेळ लागतो. तो सूर्य कलेपर्यंत विचार करत बसला. मग जांभळीखाली गेला.

"साहेब, बुडवताना दोरा बांधू का? माल सरकारी आहे. हरवला तर मला विचारतील."

"बांधायलाच हवा."

"आणि कुठला गळ सदोष, ते कसं ओळखायचं?"

"काटा घालून बघायचा. आरपार गेला तर सदोष."

"ओला असताना बघायचा, का वाळल्यावर?"

रंगरावानं राळेला कधी हात लावला नव्हता. "ताबडतोब बघायचा," तो म्हणाला. "कामात दिरंगाई नको. तपासणीला कुणी जाणकार आहे का?"

"एक आहे. पण तिला दिसत नाही."

"उत्तम. म्हणजे पक्षपात होणार नाही."

अशी यमूताईची तपासनीस म्हणून नेमणूक झाली. उदाजीनं राळ तापवली, गळ बुडवून काढला आणि तिच्यापुढे धरला. तिनं पडल्या पडल्या चोचीत काटा घेतला. नेढं चाचपलं. घातला.

"गेला?" रंगरावानं वरून विचारलं.

काटा काढून ती म्हणाली, "गेला."

"सदोष! बुडवा!"

उदाजीनं गळ वाळवला, नेढ्यात दोरा ओवला आणि गळ नदीत सोडला. मग हळूहळू झटके देऊ लागला.

"हे झटके कशाला?"

"नीट बुडत नाही, साहेब."

दोरा ताणला गेला. उदाजीनं ओढून काढला तर गळाला हातभर मरळ. त्यानं ती यमूताईच्या चोचीपाशी ठेवली.

"दगड तर नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही ताई. खा."

रंगरावाचे दोन्ही डोळे पहिल्यांदाच एका जागी आले. "हा मासा कसला?"

"माल बुडवताना वर आला, साहेब."

"माशांचं खातं आपल्याकडे नाही," रंगराव म्हणाला. "पण गळ बुडाला का?"

"परत वर आला."

"मग उद्या पुन्हा बुडवा. हुकूम पुरा झाला पाहिजे."

उदाजीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवला. तिसऱ्या दिवशीही. हुकूम अजून पुरा झालेला नाही. खंड्या बोलायला लागला. कासवं म्हणाली, याचीही आम्हाला सवय आहे. पिसाची गरज पडली, की यमूताई विचारते, "गळलेलंच घेतोस ना रे?" आणि एका पायावर उभी राहते.

अकरा गळांतल्या दहांत काटा जायचा. अकरावा यमूताई न तपासताच निर्दोष ठरवायची. रंगरावाचाही जीव रमला पाहिजे, असं ती म्हणायची.

पावसाळ्याआधी राजा गळांचं प्रदर्शन बघायला आला. निर्दोष गळ जांभळीवर उलटे टांगले होते. राजा म्हणाला, "सुंदर." रंगरावाच्या गळ्यात हार पडला. मग राजानं सदोष मालाचं प्रमाण ऐकलं आणि सगळ्यांसमोर उदाजीला म्हणाला, "एवढं वय झालं तुमचं, आणि अकरातला एकच गळ धड होतो?"

उदाजीनं मान खाली घातली. त्याला उत्तर देता आलं नाही. तोंडात घास होता.

तात्पर्य : बाळांनो, वरून आलेला हुकूम कधी मोडू नये. मन लावून, रोज, सगळ्यांची पोटं भरेपर्यंत पाळावा. आणि आपल्या कामात एक दोष जरूर ठेवावा. फक्त तो ओला असतानाच ठेवावा. वाळल्यावर फार उशीर होतो.