हद्दीची मोजणी आणि ऑरव्हलचं स्वयंपाकघर

"टाउनशिपची इंच न् इंच जमीन मला तोंडपाठ आहे!"

ऑरव्हल टिमरमन हे वाक्य दर महिन्याच्या सभेत एकदा तरी ऐकवायचाच. बिटरनट टाउनशिपचा तो एकोणीस वर्षं कारभारी. टाउनशिप म्हणजे परगण्याचा सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोनी तुकडा. मका, सोयाबीन, दोन चर्च आणि एक कब्रस्तान. जमीन सपाट तर अशी, की वाटाणा ठेवला तरी घरंगळायचा नाही!

परगण्यातली एकुलती एक टेकडी पश्चिमेच्या हद्दीपलीकडे, हॉलंडर टाउनशिपात होती. हे ऑरव्हलच्या मनाला फार लागायचं. टाउनशिपचा इतिहास लिहिताना १८३४ सालच्या मोजणीच्या वहीत त्याला एक ओळ सापडली : 'उंचवट्याच्या पश्चिमेला ओकच्या झाडावर हद्दीची खूण केली.'

"टेकडी आपली आहे!" त्याने सभेत टेबलावर मूठ आपटली. सभेला पाचजण होते, त्यातला एक डुलक्या घेत होता.

"नवी मोजणी करायची म्हणतोस?" खजिनदार बर्निस म्हणाली. "हद्द एकदा हलली की कुठं जाऊन थांबेल सांगता येत नाही हं."

"जाऊ दे कुठं जायची ती!"

मोजणीवाली बाई आली. तीन दिवस ऑरव्हल कॉफीचा थर्मास घेऊन तिच्या मागे मागे. तिसऱ्या दिवशी तिने नारिंगी झेंड्या रोवायला सुरुवात केली. झेंड्या टेकडीकडे गेल्याच नाहीत! मक्यातून निघाल्या, ऑरव्हलच्या अंगणात शिरल्या आणि थेट त्याच्या भिंतीला भिडल्या.

"अहो बाई, या माझ्या घरात कुठं निघाल्या?"

"आरपार," बाई शांतपणे म्हणाली. "वहीतला उंचवटा म्हणजे टेकडी नव्हे. तुमच्या गोठ्यामागचा तो ढिगारा."

झालं! स्वयंपाकघर बिटरनटमध्ये, झोपायची खोली हॉलंडरमध्ये!

"माणूस झोपतो तिथला रहिवासी," बर्निसने नियम वाचून दाखवला. "आणि कारभारी रहिवासीच लागतो."

"मग मी स्वयंपाकघरात झोपेन!"

त्याची बायको वर्ना पलंगावरून हलायला तयार नव्हती. "तिकडे कर कमी आहे," म्हणून तिने कूस बदलली. ऑरव्हलने फ्रीज आणि चुलीच्या मध्ये घडीची खाट टाकली. खाट कसली, पाय फुटलेली चाळणी! रोज पहाटे वर्ना त्याला ओलांडून कॉफी ठेवायची आणि चमचा नेमका त्याच्या पोटावर पाडायची.

नवव्या सकाळी बर्निस आणि पंच हार्लन पाहणीला आले. "या, या! बघा, इथंच राहतो!" असं म्हणत ऑरव्हल ऐटीत उठायला गेला, आणि कमरेतून अशी कळ निघाली की तो प्रश्नचिन्हासारखा वाकला तो वाकलाच!

"मेलो! मला पलंगावर न्या रे!"

दोघांनी त्याला काखेत हात घालून उचलला. जमिनीवर मारलेल्या खडूच्या रेघेपाशी बर्निस थांबली. "ऑरव्हल, ही हद्द. विचार कर."

"विचार कसला करायचाय बाई, ने!"

मऊ गादीला पाठ टेकताच त्याला इतकं बरं वाटलं, की एकोणीस वर्षांची खुर्ची गेल्याचं दुःख त्याला दुपारच्या जेवणानंतर झालं.

संध्याकाळी हॉलंडरचा म्हातारा कारभारी लायल ग्रबर नव्या रहिवाशांच्या स्वागताला ॲपल पाय घेऊन आला. "मी आता निवृत्त होतोय," तो म्हणाला. "तुमच्या घरात टाउनशिपचं काम जाणणारं, समंजस माणूस आहे असं ऐकतो."

ऑरव्हल कण्हत कण्हत उशीला टेकून बसला, केसांवरून हात फिरवला.

"तर वर्ना, तुम्ही उभ्या राहाल का?"

वर्ना एकशेबारा मतांनी निवडून आली. प्रचाराच्या पाट्या ऑरव्हलनेच दारोदार ठोकल्या. पहिल्या सभेला तो मागच्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसला आणि रस्त्यातल्या खड्ड्यांचा विषय निघताच त्याला राहवेना. त्याने हात वर केला.

वर्नाने चष्म्यावरून पाहिलं. "तीन मिनिटं, मिस्टर टिमरमन. आधी नाव आणि पत्ता सांगा."

नाव त्याने खणखणीत सांगितलं. पत्त्यापाशी मात्र तो असा अडखळला, की तीन मिनिटं त्यातच संपली!