राहिलेली जेवणं

संध्याकाळी दिवे लागले की चांद्याचे गंगाधरराव पत्तीवार वकील आपल्या फाटकात उभे राहून जेवायला माणूस शोधत. अन्नदानाचा हेतू नसे. टेबलाशी ते स्वतः, मुनीम आणि स्वयंपाकी असे तिघं असत आणि एक कमी असे, एवढंच. मग टपालवाला, कोर्टाचा शिपाई, जो दिसेल त्याला हाक जाई.

"या, चौथे म्हणून बसा!"

"जेवलो जी, साहेब."

"जेवला असाल तरी बसा. खायची अट नाही, बसायची आहे."

मग तो पोटभर जेवलेला शिपाई खुर्चीच्या टोकावर बसून तिघांचं जेवण बघे. गंगाधरराव वरणभात काट्यानं खात. वरण काट्यावर ठरत नाही. पण दाव्यातही त्यांनी कधी सोपी बाजू घेतलेली नव्हती. पाणी पिण्याआधी ते पेला उचलत आणि तिघांकडे एकेक करून मान लववत. शिपाई घाबरून उठून सलाम करी.

हे दुखणं विलायतेचं. नागपूरची एलएल.बी. घेऊन हा गृहस्थ लंडनला वकिली करायला गेला, आणि तिथे उतरल्यावर कळलं की आपण परदेशी आहोत तशी आपली पदवीही परदेशीच. एखाद्या विषयात सूट मिळेल, बाकी सगळं पहिल्यापासून. तिथे बॅरिस्टर व्हायचं तर 'इन्' नावाच्या वकिलांच्या संस्थेत नाव घालायचं, परीक्षा द्यायच्या, आणि दर सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या दिवाणखान्यात जेवायचं. परीक्षा बुडाली तर पुन्हा देता येते. जेवणं बुडाली तर सत्र बुडालं. जेवायला चार-चारांचं टेबल. बोलायचं ते त्या चौघांतच. आपल्या श्राद्धाला नसतील एवढे नियम.

गंगाधररावांनी परीक्षा सगळ्या पास केल्या. शेवटच्या सत्राची जेवणं तेवढी राहिली. आई आजारी असल्याची तार आली म्हणून परतलो, असं ते सांगत. चांदा स्टेशनावर त्यांना घ्यायला आई स्वतः आली होती आणि त्यांची वळकटीही तिनंच उचलली होती, ही गोष्ट बाररूममध्ये कुणी विसरलेलं नव्हतं. पुढे आई गेली, तेव्हाही कुणीतरी म्हणालंच, "तार आता खरी झाली." आमची बाररूम अशी.

दरम्यान दिल्लीला सुप्रीम कोर्ट आलं. हिंदुस्थानची अपिलं लंडनला जायची थांबली. आता बॅरिस्टरी मिळवून करायचं काय, हे कुणाला सांगता येईना. गंगाधररावांचा मात्र दर उन्हाळ्यात एकच बेत: "यंदा जाऊन जेवणं उरकून येतो." घराच्या पाटीवर नावापुढे वीतभर जागा कोरी होती. पेंटरनं त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "राहू दे. अजून जेवायचंय."

नागभीडकडच्या एका गावात ढिवरांचं तळं होतं. पिढ्यान्‌पिढ्या मासे तेच धरत आलेले. मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, गेली आणि एका ठेकेदारानं तळ्यावर हक्क सांगितला. गंगाधररावांनी ढिवरांचा दावा चालवला, मी त्यांच्या मदतीला होतो, आणि तळं ढिवरांकडे राहिलं. गावानं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं.

आंब्याच्या सावलीत दोन पाट मांडले होते. पळसाच्या पत्रावळीवर भात वाढलेला, त्यावर माशांचा रस्सा. पाहुणे उठल्याशिवाय घरच्यांनी बसायचं नाही, ही तिथली रीत. सारं गाव हात जोडून लांब उभं. मी घासाला हात घातला. गंगाधरराव मात्र पत्रावळीकडे बघत तसेच बसून राहिले. भाताची वाफ गेली.

पाटील म्हणून पुढे केलेले डोमाभाऊ अस्वस्थ झाले. त्यांची बायको दारातून म्हणाली, "पाहा, जेवून नाई राह्यले. मी म्हटलं होतं तुमाले, मोठ्या लोकाईले आपल्या हातचं चालत नाई."

"चूप राय." डोमाभाऊ पुढे आले. "साहेब, तांदूळ-दाळ देतो जी. आपल्या हातानं रांधून घ्या. रागाऊ नका."

गंगाधररावांचा चेहरा असा उतरला की तसा मी तो कुठलाही दावा हरतानाही पाहिला नव्हता.

"माणसं कमी आहेत," ते म्हणाले.

"कोनती माणसं जी?"

"चौघं लागतात. आम्ही दोघंच आहोत. तुम्ही बसा. आणि बाईंनाही बसू द्या."

डोमाभाऊ जागचे हलेनात. बायकोच म्हणाली, "बसा म्हून राह्यले त बसा ना! भात थंडा होऊन राह्यला." आणि पदर खोचून ती आधी बसली. गंगाधररावांनी पाण्याचा गडवा उचलून तिघांकडे मान लववली. डोमाभाऊ पाया पडायला उठले, त्यांना धरून बसवावं लागलं. काटा गंगाधररावांच्या कोटाच्या खिशातच राहिला. ते हातानं जेवले, मनगटापर्यंत ओघळ येईतो.

परतताना बैलबंडीत मी विचारलं, "काट्याची आठवण नाही झाली?"

ते म्हणाले, "शेवटच्या सत्रात मी टेबलाशी बसलो की बाकीच्या तीन खुर्च्या रिकाम्या राहत. पोरं यायची, मला बघायची, आणि नेमकं पलीकडच्या टेबलावर त्यांना कुणीतरी ओळखीचं दिसायचं. चौघं झाल्याशिवाय वाढत नसत. वाढपी भला माणूस. हळूच येऊन म्हणायचा, 'आणखी थोडं थांबू या, सर.' बरेच दिवस थांबलो."

"मग?"

"मग तार केली."

"तार आली ना?"

"केली. येतो म्हणून."

ही जेवणाची बातमी आमच्याआधी चांद्याला पोचली होती. स्वयंपाक्यानं काम सोडलं. बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "समुद्र ओलांडून बाटले नव्हते, ते तळ्यावर बाटले," आणि सगळे हसले. पूर्वी फाटकावरून जाणारा निदान "जेवलो जी" म्हणण्यापुरता थांबे. आता तोही समोरच्या बाजूनं जाऊ लागला. मुनीमच भात शिजवी. मी रोज जेवायला जाऊ लागलो. तरी एक खुर्ची रिकामीच. गंगाधरराव फाटकात उभे राहून येत, काटा हातात घेत, खाली ठेवत. हाक मारणं त्यांनी सोडलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला डोमाभाऊ फाटकात येऊन उभे राहिले.

"साहेब, चौथा भेटला का जी?"

"नाही."

"मंग मी बसतो. जेवून आलो आहो, पन बसतो."

चप्पल बाहेर काढून ते आत आले आणि खुर्चीवर मांडी घालून बसले. मुनीमानं वाढलं. गंगाधररावांनी पेला उचलला. मुनीमाकडे मान लववली, माझ्याकडे लववली. मग डोमाभाऊंकडे लववली, आणि ती वर यायला फार वेळ लागला.