बाटल्या खाली ठेव

रविवारी सकाळी साडेनऊला शिवांजलीला शोकेसच्या काचेवर चिकटवलेली चिठ्ठी दिसली. चिठ्ठी सासऱ्यांची होती. भाऊसाहेब दिल्लीच्या सचिवालयातून निवृत्त होऊन नोएडातल्या या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी त्यांचं सचिवालय काही सुटलं नव्हतं. घरातल्या घरातसुद्धा ते लेखी कळवत.

"चि. शिवांजली, मी बस स्टॉपवर गुलाबरावला आणायला जातो. तो येण्याआधी तिन्ही बाटल्या खाली ठेव."

शोकेसच्या वरच्या कप्प्यात तीन तऱ्हांची व्हिस्की होती. एक गुलाबरावांनी छावणीतल्या कँटीनमधून आणलेली. दुसरी बाजार खुला झाल्यावर निघालेली, नाव विलायती आणि कारखाना इथलाच. तिसरी जयदीपनं, म्हणजे शिवांजलीच्या नवऱ्यानं, सिंगापूरहून आणलेली अस्सल स्कॉच. तिन्ही फोडलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या लेबलावर भाऊसाहेबांनी पेन्सिलीनं पातळीची खूण केली होती.

शिवांजलीला या घरात येऊन दोनच महिने झाले होते. मीनाक्षीबाईंना सून साताऱ्याकडची हवी होती. "दिल्लीत वाढलेल्या मुलीला मराठी काय डोंबल येणार," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यावर भाऊसाहेबांनी चार पाहुण्यांदेखत सांगितलं होतं, "मुलीच्या मराठीची हमी माझी." माणसानं आपल्यासाठी एवढा शब्द टाकावा, तर तो खाली पडू द्यायचा नाही, असं शिवांजलीनं मनाशी पक्कं ठरवलं. कुठलाही शब्द अडला तरी कुणाला विचारायचं नाही, अंदाजानं निभावायचं. आणि एकदा पडवळ समजून परवल आणले, तेवढा अपवाद सोडला तर आजवर निभावलंही होतं.

आता 'खाली बस' तिला चांगलं कळत होतं. पण बाटली आणि खाली हे दोन शब्द शेजारी आले की दिल्लीच्या माणसाला कबाडीवालाच आठवतो. "खाली बोतल, रद्दी, अखबार" ही आरोळी ती पाळण्यात असल्यापासून ऐकत होती. शिवाय काल संध्याकाळी शुगरच्या रिपोर्टवरून सासूबाईंनी सासऱ्यांची हजेरी घेतली होती, तेव्हा भाऊसाहेब वैतागून म्हणाले होते, "उद्या या तिन्ही बाटल्यांचा कायमचा निकाल लावतो."

झालं, सगळं जुळलं. मित्र येऊन आग्रह करण्याआधीच बाटल्या रिकाम्या करून टाकायच्या. केवढा हा निश्चय, असं वाटून तिचे डोळे भरून आले. पण नवऱ्यानं एवढ्या लांबून आणलेली स्कॉच मोरीत ओतायला तिचा हात धजेना. तिनं लग्नात आलेली स्टीलची कळशी काढली, तिन्ही बाटल्या तिच्यात ओतल्या, वर झाकण ठेवलं. जयदीप टूरवरून आला की बघेल. रिकाम्या बाटल्या तिनं कबाडीवाल्यासाठी ओट्यावर ओळीनं मांडल्या.

सव्वादहाला भाऊसाहेब आणि गुलाबराव आले. हातात सोड्याच्या बाटल्या, खारे शेंगदाणे आणि काकडी. गुलाबराव निवृत्त सुभेदार, भाऊसाहेबांचे तीस वर्षांचे मित्र. येत्या शुक्रवारी ते दिल्ली कायमची सोडून गावी जाणार होते.

"बाटल्या खाली ठेवल्यास ना गं?" भाऊसाहेबांनी चपला काढता काढता विचारलं.

"हो बाबा. पूर्ण खाली."

"शाब्बास. सकाळचं ऊन थेट वरच्या कप्प्यावर येतं, चव बिघडते. बरं, आता वर आण टेबलावर."

खाली आणि वर. शिवांजलीला आत्ता कुठे अर्थ लागला.

"आणते बाबा, पाच मिनिटं," एवढं म्हणून ती स्वयंपाकघरात पळाली. रॉकेलचं नरसाळं घेता येईना, म्हणून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला आणि कळशीतून पेन्सिलीच्या खुणेपर्यंत एकेक बाटली भरली. थेंबसुद्धा कमीजास्त होऊ दिला नाही. आत मात्र तिन्हींत एकच रसायन होतं.

बाहेर भाऊसाहेबांनी फुलस्केप कागदावर रकाने आखले होते: रंग, वास, चव, शेरा. "हे बघ शिवांजली, हा तीस वर्षांचा वाद आहे. हा म्हणतो कँटीनच्या मालाला जगात तोड नाही. मी म्हणतो स्कॉच ती स्कॉच. तू आत जाऊन ग्लास भर, एक दोन तीन नंबर घाल, आणि कशात काय ते चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करून आण."

तिनं ग्लास भरले. चिठ्ठीवर काय लिहायचं, म्हणून मनाला येईल तो क्रम लिहिला.

"रंग," भाऊसाहेबांनी पहिला ग्लास उजेडात धरला. "एक नंबर मधासारखा. दोन फिका. तीन तांबूस."

"बिल्कुल," गुलाबराव म्हणाले. इथवर दोघांचं एकमत होतं.

मग वास आला. "एक नंबर स्कॉच," भाऊसाहेब डोळे मिटून म्हणाले. "लाकडी पिंप आणि धूर. स्पष्ट येतोय."

"धूर शेजारच्या जनरेटरचा आहे. लाइट गेलीय मघाशीच," गुलाबरावांनी घोट घेतला. "एक नंबर कँटीनची. जिभेवर कशी सावधानमध्ये उभी राहते बघ. आणि तीन नंबर ही तुझी स्कॉच. औषधासारखी."

"तीन नंबर ती नवी. घशात काटा लागतो."

"तुझ्या घशात काटा असेल. मी सियाचीनच्या वाटेवर ही प्यायलोय, भाऊ. डोळे बांधून ओळखीन."

"तीस वर्षं फुकटची प्यायलास म्हणून तुला गोड लागते."

हे वाक्य भाऊसाहेब बोलून गेले. गुलाबरावांनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला, टोपी उचलली. "पोरी, फोड पाकीट. मी हरलो तर गावी जाताना तसं मान्य करून जाईन. पण हा हरला तर यानं मला स्टेशनवर पोचवायला येऊ नये."

भाऊसाहेबांनी पाकिटासाठी हात पुढे केला. शिवांजलीनं ते मुठीत घट्ट धरलं. आतल्या खोट्या चिठ्ठीनं दोघांपैकी एक जण हरणार होता, आणि शुक्रवारी गाडी सुटल्यावर ते कुणालाच निस्तरता येणार नव्हतं. खरं सांगावं तर सासऱ्यांनी दिलेली हमी तिच्याच तोंडून बुडणार होती. तिला रडू आलं, पण रडत सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं.

"बाबा, कोणीच हरलं नाही. तिन्ही ग्लासांत एकच आहे." आणि तिनं चिठ्ठीपासून कळशीपर्यंत सगळं सांगितलं. "मला वाटलं खाली म्हणजे... कबाडीवाला म्हणतो तसं, रिकामी."

भाऊसाहेबांनी आपला कागद वाचला: मध, फिका, तांबूस, लाकडी पिंप. त्याची बारीक घडी केली आणि खिशात घातली. गुलाबरावांनी टोपी पुन्हा खुंटीला लावली, एक नंबर संपवला, मग तीन नंबर संपवला.

"पोरी," ते म्हणाले, "कशातलं किती पडलं होतं? प्रमाण लिहून दे. गावी कामाला येईल."

"पेन्सिलीच्या खुणांवरून काढता येईल," भाऊसाहेब खाकरून म्हणाले. "आणि मघाशी मी जे बोललो ते..."

"मी ते ऐकलंच नाही. तोफखान्यात कान गेले माझे."

तेवढ्यात दार उघडलं. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या शेजारणींनी सकाळीच ठेवलेलं चैत्रातलं हळदीकुंकू आटोपून मीनाक्षीबाई परतल्या होत्या. त्यांनी दारातूनच विचारलं,

"मग, लागला का तुमचा तो कायमचा निकाल?"

"लागला," भाऊसाहेब म्हणाले. "शिवांजलीनं लावला. आणि एक सांगतो, एकेका शब्दाचा हिच्याइतका विचार साताऱ्याकडच्या मुलीनंही केला नसता. हमी आजही माझीच." मग ते सुनेकडे वळले. "बाळ, बाटल्या आता खाली ठेव बघू."

शिवांजलीनं तिन्ही बाटल्या हातात घेतल्या आणि या घरात पहिल्यांदा अर्थ विचारला.

"मराठीत की हिंदीत, बाबा?"

"हिंदीत," गुलाबराव म्हणाले आणि रिकामा ग्लास पुढे केला.