गॅलरीबद्दल अवाक्षर नाही

घर घ्यायचं ठरलं तेव्हा सगळे निर्णय बायकोने घेतले. माझ्या वाट्याला एकच आला: वकील निवडणे. (तोही मी मागून घेतला. घरात आपणही काहीतरी ठरवावं, असं मला अधूनमधून वाटतं.) आणि मी ताबडतोब ठरवून टाकलं की आपला वकील म्हणजे कलम.

कलम हा माझा शाळेपासूनचा मित्र. खरं नाव त्याच्या आईलाही चटकन आठवत नसेल. हा गृहस्थ साधा चहा मागवतानासुद्धा कुठलं तरी कलम सांगतो. फी घेणार नव्हता, वर घरी येऊन सल्ला देणार होता. मी खूश होतो.

घर बायकोच्या आत्याचं. म्हणजे कागदोपत्री आतोबांचं, आणि खरं तर अजून त्यांच्या बँकेकडे गहाण. आमच्या बँकेने आम्हाला कर्ज द्यायचं, त्यातून आतोबांचं कर्ज फिटायचं, ती दोघं मुलीकडे राहायला जाणार आणि घर आमचं. इतकं सरळ.

त्या घरात बायकोचा जीव अडकला होता तो एका खोलीत. मुळात ती गॅलरी. आतोबांनी स्वतःच्या हातांनी खिडक्या बसवून तिची खोली केली होती. दिवसभर लख्ख उजेड. बायको शिवणकाम करते. सध्या तिचं मशीन आमच्या पलंगाला खेटून उभं असतं आणि टाचण्या पलंगावर असतात. (नक्की कुठे, ते मी रोज पाठीने शोधतो.) त्या खोलीत ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा नुसता हात पुढे करून तिने उजेड तळहातावर घेतला. तेव्हा मला आतून वाटलं, काही झालं तरी ही खोली हिला मिळाली पाहिजे.

अडचण एकच होती. गॅलरी बंद करायला नगरपालिकेची परवानगी लागते, आणि ती आतोबांनी काढलेली नव्हती. उद्या कुणी तक्रार केली तर खिडक्या उतरवायचं लचांड आमच्या गळ्यात. बायकोने एकदा आडून विचारून पाहिलं. "माझ्याच घरात मी कुणाची परवानगी काढू?" असं म्हणून आतोबा जे रुसले, ते शेजारी बसूनही आत्यामार्फत निरोप द्यायला लागले. पुन्हा तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही.

बँकेतल्या साहेबांनी कलमचं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे आमच्या पॅनेलवर नाहीत."

"माझ्या वर्गात होते," मी म्हणालो.

"पैसे आमचे, म्हणून कागद आमच्या मान्यतेच्या वकिलानेच तपासायचे. आमच्या पॅनेलवरचा कुठलाही वकील घ्या. तो बँकेचंही काम बघेल, तुमचंही."

"अरे वा! म्हणजे एका फीमध्ये दोघांचं?"

"हो. फी तुम्ही द्यायची."

बायकोने मध्येच विचारलं, "यांच्यात सगळ्यात कडक कोण हो?"

साहेबांनी नकळत टाय सरळ केला आणि आवाज खाली आणून एका वकीलबाईंचा पत्ता सांगितला. "त्यांनी पास केलेला कागद आम्ही पुन्हा बघतसुद्धा नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "निवड तुमची. मी मध्ये पडणार नाही." मी बराच विचार केला आणि त्याच वकीलबाई निवडल्या. (कलमला कळवलं. त्याने मैत्री कोणत्या कलमाखाली संपली ते सांगितलं.)

भेटीच्या दिवशी बायकोला नेमकं शिवण संपवायचं होतं. "तुम्हीच जा. आणि अहो, तिथे गॅलरीबद्दल अवाक्षर काढू नका."

"मी? मी काय लहान आहे?"

मी जिना उतरलो तर वरून पुन्हा हाक आली. "गॅलरी!"

"नाही काढत!" मी ओरडलो. मग रस्ताभर गॅलरी, गॅलरी, गॅलरी एवढंच डोक्यात.

वकीलबाईंचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. आत पाऊल टाकताच मी आपोआप चपला काढल्या. (काढायच्या नव्हत्या. त्यांच्या पायांत बूट होते.) भिंतीभर फायली, त्यांच्या फितींच्या गाठीसुद्धा एकसारख्या. मला दिलेली खुर्ची बुटकी होती, त्यामुळे बाई टेबलाच्या वर उगवल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी पहिला कागद पुढे सरकवला. मी इतका भारावलो होतो की तो न वाचताच सही केली.

मग त्या आमचे कागद वाचायला लागल्या. वाचणं मी आयुष्यात पुष्कळ पाहिलंय, पण असं नाही. ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी एक घर खाली. एकही ओळ सुटत नव्हती. कागदाचीच छाती धडधडत असेल असं मला वाटलं. खोलीत चिडीचूप. आणि शांतता असली की माझा जीव कासावीस होतो, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

"छान आहे ऑफिस," मी म्हणालो.

पट्टी खाली सरकली.

"घर आमच्या नात्यातलंच आहे."

"मग?" बाईंनी मान वर न करता विचारलं. त्या 'मग'मध्ये काय होतं कोण जाणे. माझ्या पोटातलं एकेक बाहेर यायला लागलं. माझं पित्त, कलमची फारकत, पलंगावरच्या टाचण्या. प्रत्येक वाक्यानंतर शांतपणे "मग?"

शेवटी मी निर्धाराने म्हणालो, "हे बघा, गॅलरीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही."

पट्टी थांबली. "कुठली गॅलरी?"

"जी बंद केलीय ती."

"नकाशात तर उघडी आहे."

"परवानगी काढली असती तर बंद दिसली असती ना!" मी त्यांना समजावून सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "तुम्ही आमच्याच वकील ना?"

"तुमचीही आहे. पण बँकेपासून मला काही लपवता येणार नाही. हेच त्या कागदावर लिहिलं होतं. वाचून सही केलीत ना?"

कर्ज अडकलं. आता आतोबांचं कर्ज फिटेना, त्यांचं सामान बांधलेलं, आणि बायकोची खोली माझ्या जिभेने घालवलेली. मी घरी सगळं कबूल केलं. मला वाटलं होतं, आता काही खरं नाही. ती फक्त "अरे देवा" म्हणाली आणि बॉबिनमध्ये दोरा भरत राहिली.

आतोबांचा फोन आला. "जावईबापू! बँकेला सांगितलं कुणी?"

मी सांगायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात बायकोने फोन काढून घेतला. "आतोबा, ती वकीलबाई फार कडक आहे हो. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. ती स्वतः बघायला येणार आहे म्हणे."

वकीलबाई आल्या. आतोबा बाह्या सरसावून दारातच उभे होते. बाई त्यांच्या बाजूने सरळ आत गेल्या, खिडकीच्या चौकटीवर बोटाने टकटक केलं, झडप उघडून पुन्हा लावली. झडपेचा आवाजसुद्धा आला नाही.

"काम कुणाचं?"

"माझं," आतोबा भांडणाच्या सुरात म्हणाले.

"उत्तम आहे. हे पाडायची वेळ आली तर मला वाईट वाटेल. परवानगी काढा."

आणि जे दोन कुटुंबांना जमलं नव्हतं ते झालं. आतोबा वितळले. दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून स्वखर्चाने नगरपालिकेत गेले. परवानगी आली, बाईंनी सही केली, कर्ज सुटलं. वर आतोबा सगळ्यांना सांगत सुटले की बँकेच्या वकीलबाई खास त्यांच्या खिडक्या बघायला आल्या होत्या.

नव्या घरात मशीन त्या खोलीत ठेवलं. बायकोने पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला. चेहऱ्यावर तो उजेड. मी भारावून म्हणालो, "काय बाई आहे ती! मी एवढा घोळ घातला, तरी तिने सगळं निस्तरलं."

"घोळ कसला?" बायको म्हणाली. "आतोबांना आपल्यापैकी कुणी सांगितलं असतं तर जन्माचं वैर झालं असतं. बँकेने सांगितलं तर कुणावर रुसणार? फक्त बँकेला कळायला हवं होतं."

"पण तू तर मला बजावून..."

"दोनदा," ती म्हणाली. "एकदा बजावून तुम्ही विसरला असता."

मी दारापलीकडच्या पलंगावर मटकन बसलो. (टाचणी नव्हती. तेव्हा नवं घर खरं वाटलं.) इतकी वर्षं मी या बाईबरोबर राहतोय आणि थक्क व्हायला त्या औषधाच्या दुकानावर गेलो होतो!

तेवढ्यात ती मशीनवरून मान वळवून म्हणाली, "आणि अहो, हे कुणाला सांगू नका हं."

आता तुम्हाला सगळं सांगून झाल्यावर मला शंका यायला लागलीय की हे तुम्हाला कळावं अशी तिचीच इच्छा असणार.